हाक कुणाला मारायची

दुकानातून परतलेली ओतिलिया बारियेंतोस स्वतःच्याच घराच्या पायरीवर थबकली. जाळीच्या व्हरांड्यातून तिच्या मुलीचा आवाज येत होता, आणि तो आवाज जे सांगत होता ते सगळं ओतिलियानंच लिहिलेलं होतं. तिनं ते इंग्रजीत लिहिलं होतं. यारेत्सी ते स्पॅनिशमध्ये करून आजीला सांगत होती.

“मग ते घुबड म्हणालं, पोरी, इथं सावली न्यायची तर बदल्यात सावलीच द्यावी लागते...”

“घुबडच ना?” हेरलिंदा आजीनं विचारलं. मांडीवर परात, परातीत भाजीसाठी निवडुंगाची पानं, हातात सुरी. काटे काढायचं काम चालू होतं. “बाईच्या तोंडाचं?”

“हो, वेलिता. बाईच्या तोंडाचं.”

“मग ते पोरी-बिरी म्हणणार नाही. शिवी हासडेल. तुझ्या आईला काय कळतंय! वाच पुढे.”

वेलिता म्हणजे आजी. सरहद्दीवरच्या आमच्या खोऱ्यात सगळी नातवंडं असंच म्हणतात. ते दोन आवाज इतके गोडीत आले होते की दुसरी कुणी लेखिका असती तर दारात उभी राहून डोळे पुसत बसली असती. ओतिलियाला मात्र आत पाऊल टाकवेना. कारण त्या पुस्तकाच्या मधोमध एक नाव होतं, आणि ते नाव या घरात कुणी घ्यायचं नाही असा दंडक होता. यारेत्सी एकेक पान उलटत त्या नावाकडे चालली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. छापखान्यातून लेखिकेसाठी आलेल्या पहिल्या प्रती हिनंच हौसेनं जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. आईला इंग्रजी वाचता येत नाही, या एका भरवशावर तिनं ते नाव लिहिलं होतं, छापायला दिलं होतं आणि रात्री स्वस्थ झोपली होती. घरात चौदा वर्षांची दुभाषी वाढते आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ओतिलिया चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर चष्मा सरळ बसवायचा, कानामागची काडी वाकवायची, सुटलेला स्क्रू पिळायचा. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका आत थंड हवेत गप्पा मारायच्या तेव्हा ही बाहेर मेस्कीटच्या झाडाखाली लावलेल्या गाडीत बसून लिहायची. काचा खाली केल्या तरी घाम मानेवरून पाठीत उतरायचा. नवरा टोमॅटोचे ट्रक घेऊन महिनेच्या महिने उत्तरेकडे असतो, त्याला बायको लिहिते एवढंच ठाऊक. काय लिहिते ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. संसार तसा सुखाचा.

लहानपणी तिनं वाचलेल्या जादूच्या पुस्तकांत बर्फ असायचा, दगडी किल्ले असायचे, सोनेरी केसांच्या मुली तलवारी घेऊन घोड्यावर बसायच्या. हिनं बर्फ पाहिला तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला. हिच्या घरामागच्या झाडावर संध्याकाळी शीळ घालणारं घुबड बसायचं, आणि शेजारणी मुठीत मीठ घेऊन त्याला आईमाईवरून शिव्या द्यायच्या, कारण ते घुबड नसून कुणीतरी बाई आहे हे सगळ्यांना माहीत होतं. असलं घुबड कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग आपणच लिहावं असं तिनं ठरवलं. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनातल्या बाईनं तिचं लिखाण परत पाठवताना कळवलं, की लिहिता छान, पण फारच तुमच्या गावापुरतं आहे. बर्फातले किल्ले बहुधा गावोगाव असतात. दुसऱ्या बाईनं मात्र घेतलं. आवडलं म्हणाली, त्यातही नदीखालचं प्रकरण फार आवडलं.

ते प्रकरण असं होतं. सितलाली नावाची मुलगी. तिची आई कधी हसत नाही, कारण आईचा धाकटा भाऊ लहानपणी कालव्यात बुडाला. सितलाली त्याच पाण्यातून नदीखाली उतरते. तिथं बाईच्या तोंडाच्या घुबडांनी बाजार मांडलेला, हरवलेल्या सावल्या टांगून ठेवलेल्या. त्यांत तो मामा असतो, अजून सहा वर्षांचाच. ती त्याला सतापीच्या, त्या उग्र वासाच्या पाल्याच्या जुडीनं झाडते, नावानं हाक मारते आणि वर घेऊन येते.

घुबडांचा बाजार मनातला होता, मामा तसा नव्हता. तो खरा होता, आणि त्याचं नाव निकासियो.

ओतिलियाला हे नाव कळलं ते चेलोमावशीमुळे; एक मामा लहानपणी कालव्यात बुडाला, एवढंच तिनं आधी शेजारणींकडून ऐकलं होतं. एका नाताळाला सगळ्या बायका मक्याचं पीठ पानांत भरत बसल्या होत्या. चेलोमावशी, आईची पाठची बहीण, बोलता बोलता म्हणून गेली, “निकासियो असता तर आज...” आणि पुढे आवाज खाली आणून आणखी काहीतरी बोलली. आईनं हातातलं पीठ ठेवलं. हात धुतले, पुसले, दार उघडलं आणि सांगितलं, “नीघ.” चेलोमावशी हसली, तिला वाटलं थट्टा आहे. आईनं तिची पर्स आणून तिच्या हातात दिली. त्याला आता किती वर्षं झाली! दोघी एकाच गावात राहतात, एकाच चर्चमध्ये जातात आणि एकमेकींसमोरून भिंतीसमोरून गेल्यासारख्या जातात. ओतिलिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आपल्या आईला माणूस असं पुसून टाकता येतं, हे तिनं त्या दिवशी पाहिलं आणि कानाला खडा लावला.

मग पुस्तकात दुसरं नाव का नाही घातलं? घातलं होतं. मार्तिन घालून पाहिलं, लुइस घालून पाहिलं, प्रकरण मेल्यासारखं पडून राही. आमच्याकडे माणूस दचकला, फार घाबरला, की त्याचा जीव त्या जागीच अडकून राहतो. अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही. मग जाणती बाई सताप हातात घेऊन त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाडते आणि हाक घालते, अमुक अमुक, ये, तिथं राहू नकोस. त्यानं ओ द्यायची. पण हाकेला नाव खरं लागतं, बाप्तिस्म्याचं. खोट्या नावानं जीव येत नाही, आणि ओतिलियाचं म्हणणं, प्रकरणही येत नाही. शेवटी तिनं खरं नाव लिहिलं आणि गाडीत बसून हुंदके देऊन रडली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायला जाताना तिनं यारेत्सीला गाठलं.

“वेलिताला माझं पुस्तक वाचून दाखवायला कुणी सांगितलं?”

“तिनंच. म्हणाली, तुझी आई एवढी लिहिते ते आहे तरी काय, वाच. का? लाज वाटते?”

“तिला त्रास होईल. बंद कर.”

“त्रास? अगं, ती हसते! काल म्हणाली, घुबडाला बूट घातलेत, ते उडणार कसं. मी गेले नाही तर स्वतः हाक मारते. तुला माहितीये का, अमा, इतक्या वर्षांत माझ्याशी ती एवढी बोलली नव्हती.”

हे खरं होतं आणि म्हणूनच ओतिलियाला ऐकवेना. “बरं,” ती म्हणाली, “मग एक कर. पुढे एक मुलगा येतो पाण्यातला. त्याचं नाव मार्तिन म्हणून सांग.”

“पुस्तकात तर निकासियो आहे.”

तेवढ्याशा गाडीत ते नाव मोठ्यानं ऐकून ओतिलियाचा पाय ब्रेकवर गेला. मागच्यानं भोंगा वाजवला.

“तू पुढचं वाचलंस?”

“मी सगळं वाचलंय. मी तुझ्यासारखी नाही, लिहायला वर्षं आणि वाचायला महिने. का पण मार्तिन?”

“मी सांगते म्हणून.”

“हे काही कारण झालं का?” यारेत्सी दप्तर उचलत म्हणाली, आणि मग तिनं आईचा चेहरा पाहिला. “बरं बाई, मार्तिन. एवढी पांढरी कशानं पडलीस?”

चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर घरात आईनं ताट जरा जोरानं ठेवलं तरी ओतिलिया चटकन मुलीकडे बघायची. यारेत्सीच्या तोंडून निसटलं असेल का? रात्रीच्या जेवणाला आई आपणहून पुस्तकाचा विषय काढायची, आणि ओतिलियाचा घास तोंडात फिरायचा.

“ती तुझी सितलाली,” आई घेवडा वाढत म्हणाली, “पाण्यात जाते ते कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही, अमा. गोष्टच आहे ती.”

“आणि तिची आई कुठे असते तेव्हा? झोपलेली?”

“कामावर.”

“बरी सबब आहे.” आईनं तॉर्तिया फाडली. “आणि पाण्यात आहे तरी कोण, ज्याला आणायला एवढा खटाटोप?”

यारेत्सीनं ताटातून मान वर केली नाही. ओतिलिया म्हणाली, “पुढे कळेल,” आणि घेवड्याचं भांडं पुढे ओढलं. आई तिच्याकडे बघत राहिली, रागानं नाही, पण नजर काढून घेतली नाही. म्हातारी बाई भाताचं शीत चाचपून बघते तशी बघत राहिली. ओतिलियाला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण डोळ्यांसमोर चेलोमावशीच्या हातातली पर्स आली. हे घर आईचं. आणि घराचं एक असो, घर दुसरं मिळतं. आईनं आपल्यासमोरून भिंतीसमोरून गेल्यासारखं जावं, हे आपल्याला सोसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी तो दिवस आला, शाळेला सुट्टी होती. दुकानात तिच्या हातून एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची काडी मोडली. “पोरी, तब्येत बरी नाही का?” त्यानं विचारलं. तेवढ्यात फोनवर यारेत्सीचा निरोप आला: आज नदीखालचं प्रकरण आहे, मी मार्तिनच म्हणते, काळजी करू नको. ओतिलियानं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भर दुपारी गाडी काढली. कांद्याच्या शेतांमधला तो सरळ रस्ता, बाजूनं कालवा. एरवी ती त्या पाण्याकडे बघतसुद्धा नाही. आज ते सबंध वाटभर तिच्या बरोबरीनं चाललं होतं.

व्हरांड्यात यारेत्सी वाचत होती. “...तेव्हा सितलालीनं सताप हातात घेतली आणि हाक मारली, मार्तिन, ये...”

“थांब,” आजी म्हणाली. “तिथं तसं लिहिलेलं नाही.”

ओतिलिया दारात आली होती. आईनं परात खाली ठेवली, नातीच्या हातून पुस्तक घेतलं, आणि काट्यांनी चरे पडलेलं बोट ओळीवरून फिरवत बरोबर त्या शब्दावर आणून टेकवलं.

“हे काय आहे?”

यारेत्सीनं ओतिलियाकडे पाहिलं.

“मला इंग्रजी येत नाही,” हेरलिंदा म्हणाली. “नाव येतं. नावाला कुठली इंग्रजी आणि कुठली स्पॅनिश? पुस्तकं आली त्याच दिवशी मी चाळून पाहिलं. म्हटलं, पोरीनं एवढी वर्षं गाडीत बसून लिहिलंय, निदान आमच्या कुणाचं नाव आहे का बघू. तर हे.” तिनं वर पाहिलं. “म्हणून पोरीला वाचायला बसवलं. तू त्याच्याबद्दल काय लिहिलंयस ते ऐकायचं होतं मला. तू सांगशील म्हणून वाट पाहिली. तू नुसती बावरल्यासारखी घरभर फिरत राहिलीस.”

“अमा, मी...”

“बस इथं. तू वाच. जसं लिहिलंयस तसं.”

ओतिलिया बसली. पाणी प्यायली, मग वाचू लागली. स्पॅनिशमध्ये स्वतःची वाक्यं तिला परकी लागत होती. सितलालीनं पोराला झाडलं. सितलालीनं हाक मारली, निकासियो, ये, तिथं राहू नकोस. ते नाव तिच्या तोंडून आईसमोर बाहेर पडलं आणि तिनं डोळे मिटले. दार उघडल्याचा आवाज येईल म्हणून ती थांबून राहिली.

दार उघडलं नाही. आई म्हणाली, “चूक आहे.”

“काय?”

“सगळं चूक आहे. मेलेल्याला झाडतात का गं कधी? मेलेल्याला चर्चमध्ये मिसा, मेणबत्ती, नोव्हेंबरात फुलं. तो गेला, देवाघरी गेला, त्याला तुझ्या घुबडांनी काय म्हणून अडकवून ठेवायचं? झाडतात ते जिवंत माणसाला. जो घाबरला त्याला. एवढी मोठी लेखिका झालीस आणि हे कळेना? आणि छापून मोकळी झालीस! आता गावभर बायका हसतील.”

ओतिलियानं पुस्तक मिटलं. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. ती आपल्या बुडालेल्या मामाच्या इतकी मागे लागली होती की काठावर कोण उभं होतं हे तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं.

“घाबरलं कोण होतं, अमा?” तिनं विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं.

हेरलिंदा परातीतलं एक पान उचलून त्याचे काटे काढू लागली. आधीच काढलेले होते.

“मी अकरा वर्षांची होते. त्याला माझ्यावर सोपवलं होतं. पपनसं पडली होती बांधाखाली, ती गोळा करत होते. पाठ फिरवली होती, बस. बाबांनी त्याला बाहेर काढलं, खांद्यावर टाकलं आणि घरी गेले. मागे वळून कुणी पाहिलं नाही. मी तिथंच. त्याच्या चपला हातात. ऊन उतरल्यावर माझी मीच चालत आले. घरात बायका रडत होत्या. एकीनं माझ्या हातात पिठाचा गोळा दिला, म्हणाली, लाट, माणसं जेवायची आहेत.” तिनं सुरी ठेवली. “शेजारीण म्हणाली, हिला झाडायचं का? तर माझी आई म्हणाली, हिला काय झालंय.”

यारेत्सी हळूच उठून आजीच्या पायाशी जाऊन बसली.

“चेलोनं नाव घेतलं म्हणून तिला नव्हतं हाकललं,” हेरलिंदा म्हणाली. “नाव घेऊन पुढे माझ्या पाठ फिरवण्याचं जे बोलली त्यासाठी. ते मला रोज ऐकू येतं, तिनं सांगायची गरज नव्हती.”

ओतिलिया उठली. दाराजवळच्या कुंडीतली सताप तिनं ओरबाडून घेतली, हातांना उग्र वास लागला. आयुष्यात तिनं कुणाला झाडलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. आईच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, हातांवरून ती जुडी फिरवू लागली. पानं गळून फरशीवर पडत होती.

“खाली घसरव जरा,” आई म्हणाली. “तिखट चोळल्यासारखं काय करतेस?”

“अमा, या. तिथं...”

“अमा नको. अमा तिथं नव्हती.”

आईला नावानं हाक मारायची! जुडी हातात धरून ती तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, “हेरलिंदा, ये. तिथं राहू नकोस.”

आईनं ओ दिली नाही. तिचे डोळे मिटलेले होते.

“हेरलिंदा, ये. तिथं राहू नकोस.”

काही नाही. छाती वरखाली होते आहे की नाही तेही दिसेना. पुस्तकात पोरगं पहिल्याच हाकेला ओ देतं, कारण ओतिलियाला प्रकरण संपवायचं होतं. आता तिला अशी भीती वाटली जशी गेल्या सगळ्या दिवसांत वाटली नव्हती. इतक्या वर्षांनी हाक पोचणार नसेल तर? तिथं कुणी उरलंच नसेल तर? आपण उगीच उकरून काढलं आणि आता या खुर्चीत बसलेली बाईसुद्धा परत येणार नसेल तर?

“वेलिता,” यारेत्सी रडवेली होऊन म्हणाली.

ओतिलियानं जुडी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि ओरडली, कालव्याच्या पलीकडच्या पोरीला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. “हेरलिंदा! ये! तिथं राहू नकोस!”

“येते.”

आवाज बारीक होता, घरातल्या कुणाचा नव्हता. आईनं डोळे उघडले नाहीत. तिच्या मुठी मात्र काहीतरी धरून ठेवल्यासारख्या छातीशी आल्या.

“येते,” ती पुन्हा म्हणाली. “पण तो अजून पाण्यात आहे.”

ओतिलिया गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्या दोन्ही मुठी आपल्या हातांत घेतल्या.

“राहू दे त्याला,” ती म्हणाली. “तू ये.”

हेरलिंदाच्या मुठी सुटल्या आणि ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून.